मधला खांब

हे झालं १९६७ साली. गल्लीतला पहिला टेलिफोन त्याच वर्षी केमिस्टच्या दुकानात आला आणि त्याच वर्षी ताईच्या पायाखालचा खांब ठेवायचा की काढायचा, यावर तिच्या सख्ख्या भावाने रीतसर वादविवाद ठेवला. टेलिफोनचं कौतुक थोड्याच दिवसांत ओसरलं. खांबाचा विषय मात्र पुढे कितीतरी वर्षं निघत राहिला.

ताई पुस्तकं बांधायची. वडिलांचा धंदा तिनेच पुढे चालवला होता. घर दुमजली, जुनं, पण ठणठणीत. वडील जाताना म्हणाले, "खालचं भाऊचं, वरचं ताईचं," आणि त्यांनी डोळे मिटले. ते बाइंडर होते, वकील नव्हते. खालचं नेमकं कुठे संपतं आणि वरचं कुठे सुरू होतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही, आणि पुढे बराच काळ तो कुणालाच पडला नाही.

वर रस्त्याकडच्या खोलीत ताईचं लांब टेबल होतं, चिकटवायच्या खळीचं पातेलं होतं, पानं शिवायची चौकट होती आणि वडिलांचं दाबयंत्र होतं. यंत्र कसलं, ओतीव लोखंडाचं धूड! खाली एक पाट, वर एक पाट, मधे मनगटाएवढा स्क्रू आणि डोक्यावर फिरवायचं चाक. शिवलेलं, चिकटवलेलं पुस्तक फळ्यांमध्ये धरून त्यात ठेवायचं, चाक आवळायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जायचं. घाई केली की पुठ्ठा वाकलाच म्हणून समजा. वडिलांनी ते यंत्र सुटं करून वर चढवलं होतं आणि बरोबर त्या जागी बसवलं होतं जिथे खालच्या खोलीतला मधला खांब तुळईला टेकतो. खांबही त्यांनीच निवडलेला, चांगल्या जुन्या लाकडाचा, तेलपाणी करून गुळगुळीत केलेला.

त्या खालच्या खोलीत भाऊचं राज्य होतं. भाऊ ताईहून बराच धाकटा. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. आता तो कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा आणि गावभर प्रोफेसर म्हणून ओळखला जायचा. त्याचा एकच विचार होता आणि तो त्याने आयुष्यभर सोडला नाही. माणूस स्वतःचा मालक आहे. त्याचा देह, त्याचे कष्ट आणि त्या कष्टांतून किंवा राजीखुशीच्या देवघेवीतून मिळालेली वस्तू त्याची. तिला इतर कुणी हात लावायचा नाही, राजाने नाही, सरकारने नाही, सख्ख्या भावंडानेही नाही. हा नियम कुणी केलेला नाही, तो निसर्गातच आहे, असं भाऊचं म्हणणं. सरकारं आली आणि गेली, पण हा नियम होता तिथेच आहे, असं तो बोट वर करून सांगायचा.

दर रविवारी सकाळी त्याच्याकडे मंडळ भरायचं. त्या मंडळाची एक पद्धत होती आणि ती भाऊनेच घालून दिली होती. ज्याच्याशी वाद घालायचा, त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, आणि असं मांडायचं की त्याने म्हणावं, "हो, हेच माझं म्हणणं." त्याने हो म्हटल्याशिवाय आपलं तोंड उघडायचं नाही. या एका नियमामुळे त्या खोलीत कधी भांडण झालं नाही. आवाज मात्र चढायचे. वर टेबलाशी पानं दुमडत बसलेल्या ताईला जमिनीच्या फटींतून सगळं ऐकू यायचं. रविवार हा तिचा तयार पुस्तकं द्यायचा दिवस. लोक बाहेरच्या जिन्याने वर यायचे आणि ती सांगायची, "पुस्तकाची पाठ अजून ओली आहे हो, जरा खाली बसा." ते खाली जाऊन भाऊकडे बसायचे. भाऊची बायको, वहिनी, त्यांना चहा द्यायची.

मंडळात बोलके दोघेच. एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांना सगळे जजसाहेब म्हणत. दुसरा केमिस्ट. एकदा केमिस्ट म्हणाला, "प्रोफेसर, कुणी बुडतोय. माझ्या हातात दोर आहे. टाकायचा की नाही?"

"टाकावा की! न टाकणारा माणूस नीच. पण त्याला तुरुंगात घालता येणार नाही. दोर त्याचा आहे."

"आणि टाकला," जजसाहेब हळूच म्हणाले, "आणि तो गडी दोर धरून अर्ध्यावर आला, आणि मग याने दोर सोडला, तर?"

भाऊने बोट वर केलं. "दोर कुणाचा?"

सगळे हसले. वर ताईसुद्धा हसली.

खांबाची गोष्ट निघाली ती केमिस्टमुळे. खोली मोठी, पण खांब मध्यावर. केमिस्टला नेहमी उशीर व्हायचा, त्यामुळे त्याच्या वाट्याला खांबामागची खुर्ची. "प्रोफेसर," तो म्हणाला, "तुमचा आवाज येतो, चेहरा दिसत नाही. रेडिओ ऐकल्यासारखं वाटतं. तुम्ही माणसाला स्वतंत्र करताय, आधी मला या खांबापासून स्वतंत्र करा."

गमतीत बोलला, पण भाऊला ते लागलं. त्याच्या मनात खोलीचं सभागृह करायचं होतंच. त्याने सुतार बोलावला. सुताराने तुळईवर बोटाने ठोकलं, वर पाहिलं, खांबाभोवती फिरला. "काढता येईल," तो म्हणाला. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नवी जाड तुळई टाकू. वर माणसं राहतील, कपाटं राहतील. पण ते लोखंडी धूड राहणार नाही. त्याच्याखाली हाच हवा."

वहिनीने हे वर येऊन सांगितलं. ताईच्या हातात सुई होती. तिने टाका पुरा केला, दोरा तोडला आणि खाली गेली.

"भाऊ, काय ऐकते मी?"

"बस ना, ताई. मी सांगणारच होतो."

"उभ्यानेच सांग."

"खांब खाली आहे. खालचं माझं. बरोबर?"

"आणि माझं यंत्र हवेत ठेवू?"

"हे बघ, तू फक्त म्हण, 'भाऊ, खांब राहू दे.' मी त्याला हातही लावणार नाही."

"मग राहू दे."

"असं नव्हे. विनंती म्हणून म्हण. हक्क म्हणून नको."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे उद्या तुझ्या मनात आलं तर?"

"तर काढेन. पण येणार नाही."

"येणार नाही ना? मग हक्कच म्हण की."

"ते खोटं होईल, ताई. नसलेला हक्क आहे म्हणायचा? तू माझी बहीण आहेस म्हणून मी तत्त्व वाकवलं, तर परक्याला कुठल्या तोंडाने सांगू?"

वहिनी दारातून म्हणाली, "वन्सं, यांचं काही खरं नाही. वरचा मजला माझ्या डोक्यावर पडला, तरी तो तत्त्वाने पडला म्हणून मी गप्प बसायचं."

ताईचा सगळा जीव त्या जागेत होता. यंत्र गेलं तर बांधणीचं काम घरून व्हायचं नाही, आणि वडिलांनंतर तिने या घराबाहेर एक दिवस काम केलं नव्हतं. एक शब्द टाकला असता की सगळं तसंच राहिलं असतं. तोच शब्द तिच्या तोंडून निघेना. विनंतीवर उभ्या असलेल्या जमिनीवर तिला पाय ठेवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जजसाहेब मुद्दाम जिना चढून आले. "कोर्टात जा," ते धापा टाकत म्हणाले. "खालच्याने वरच्याचा आधार काढायचा नाही, हा कायदा फार जुना आहे. एका तारखेत निकाल लागेल."

"सख्ख्या भावाला कोर्टात ओढू? त्यापेक्षा यंत्र डोक्यावर घेऊन उभी राहीन."

जजसाहेबांनी ही गोष्ट खाली सांगितली असावी, कारण संध्याकाळी भाऊ वर आला. दारातच थांबला. वरचं ताईचं, म्हणून तो कधीही विचारल्याशिवाय आत यायचा नाही. निदान स्वतःला तो सूट देत नव्हता, एवढं त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे. "येऊ?" त्याने विचारलं. तिने मान हलवली.

"कोर्टाचा निकाल मी पाळेन," तो म्हणाला, "कारण त्यांच्याकडे पोलीस आहेत. मानणार नाही. पण तू मला पटवून दे. रविवारी मंडळापुढे बोल. हात वर करून निकाल घेऊ. तू जिंकलीस तर खांब कायमचा राहील, आणि हक्काने राहील. मी लिहून देतो."

"आणि हरले तर?"

"तर तूही मान."

"ठरलं," ताई म्हणाली.

त्या रविवारी खोली गच्च भरली. ताई धुतलेल्या हातांनी आली, तरी नखांत खळ होतीच. नियमाप्रमाणे आधी तिने भाऊचं म्हणणं मांडायचं होतं. ती उभी राहिली आणि बोलू लागली. इतकी वर्षं फटींतून ऐकलेलं सगळं तिच्या ओठांवर होतं. "मला कुणी मदत केली तर ते त्याचं चांगुलपण," ती म्हणाली. "पण त्या चांगुलपणावर मी मालकी सांगू लागले, तर उद्या कुणी चांगलं वागायला धजणार नाही. दाराशी आलेल्याला पाणी द्यावं आणि त्याने विहिरीवर हक्क सांगावा, असं होईल. भाऊ खांब काढून माझं काही नेत नाही. माझं यंत्र माझंच राहतं. तो फक्त स्वतःचं देणं थांबवतो. देणं थांबवणं म्हणजे घेणं नव्हे."

भाऊ थक्क होऊन बघत होता. "हो," तो म्हणाला. "हेच माझं म्हणणं. मला इतकं नीट कधी सांगता आलं नाही."

मग भाऊ उभा राहिला. "ताईचं म्हणणं असं," त्याने सुरुवात केली, "की तिचं यंत्र इथे फार वर्षं आहे, म्हणून खांबावर तिचा हक्क आहे."

"नाही," ताई म्हणाली.

"बरं. ताईचं म्हणणं असं, की खांब काढला तर तिचं नुकसान होईल, आणि नुकसान करायला मला बंदी आहे."

"तेही नाही रे."

"मग... वडिलांची इच्छा होती म्हणून?"

"नाही."

भाऊने कपाळ पुसलं. मागे कुणीतरी खाकरलं. भाऊचे कान लाल झाले होते. लहानपणी पाढा अडला की असेच व्हायचे, आणि मग ताई पाठीमागून हळूच पुढचा आकडा सांगायची. आताही तिला सांगायचं होतं. पण काय सांगायचं? आपलं म्हणणं हे नव्हे, एवढं तिला कळत होतं. आहे ते काय, ते शब्दांत सापडत नव्हतं. हे घर बांधताना वरच्याने खालच्याची परवानगी घेतली नव्हती, असं काहीतरी मनात घोळत होतं. त्याची फजिती तिला बघवेना.

"असू दे," ती म्हणाली. "मधलं चालेल. नुकसानीचं."

तिथेच ती हरली. नुकसानीचं भाऊला पाठ होतं. त्याने ते दोन वाक्यांत उडवलं: नुकसान म्हणजे आपलं असलेलं जाणं; इथे तिचं कधी नव्हतंच ते मिळायचं थांबतंय. आणि जे थोडं उरलं होतं, ते ताईनेच आपल्या तोंडाने आधी उडवून ठेवलं होतं. जजसाहेबांनी तिच्या बाजूने हात वर केला. बाकीचे हात भाऊकडे गेले. केमिस्ट मान खाली घालून म्हणाला, "ताई, तुम्हीच मला पटवलंत. प्रोफेसरांनी नाही. आणि या खांबामागे माझी मानही आखडलीय." वहिनीने हात वर केला नाही. "मी चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

"ताई," लोक गेल्यावर भाऊ म्हणाला, "अजूनही म्हण. विनंती कर. मी आनंदाने ठेवतो."

"मी हरले. काढ."

केमिस्टला अपराधी वाटत असावं. त्याच्या दुकानाच्या मागे रिकामी खोली होती, फरशीची, रस्त्याच्या पातळीला. ती त्याने ताईला भाड्याने दिली. यंत्र सुटं करून तिथे नेलं. मग सुताराने नवी तुळई टाकली आणि खांब काढला. मजुरीपैकी काही म्हणून भाऊने ते लाकूड सुतारालाच दिलं. सुताराने ते ताईला दाखवलं, तिने ते विकत घेतलं आणि त्याच्या दाब-फळ्या करून घेतल्या, पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या. फळ्या उत्तम झाल्या. वहिनीने विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "राजीखुशीच्या देवघेवीतून आल्यात. तुझ्या नवऱ्याला सांग, निसर्गाची काही हरकत नाही."

खालची खोली मोकळी, प्रशस्त दिसू लागली. भाऊने खुर्च्या नव्या रांगेत मांडल्या. पहिल्या रविवारी सगळे आले आणि कौतुक करून गेले. मग हळूहळू कमी येऊ लागले. कुणी रागावलं नव्हतं, कुणी ठरवून काही केलं नव्हतं. जजसाहेबांना त्यांच्या जुन्या निकालपत्रांचे खंड बांधून घ्यायचे होते, ते केमिस्टच्या मागच्या खोलीत जायचे. "पाठ ओली आहे हो, जरा बसा," ताई म्हणायची आणि ते बसायचे. दुकानातून केमिस्ट डोकावायचा आणि काहीतरी खुसपट काढायचा. पुस्तक न्यायला आलेले बाकीचेही बसायचे. थोड्याच दिवसांत ताईच्या टेबलाभोवती वाद रंगू लागले. ती ओरडायची, "खळीत कोपर घालू नका! वाद घाला, पण कोपर बाहेर ठेवा!"

मंडळात मुळात प्रत्येक जण पुस्तक बांधून घ्यायला आला होता आणि ओली पाठ सुकेपर्यंत खाली टेकला होता. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताईच्याही नाही.

एका रविवारी दुपारी वहिनी आली. "वन्सं, हे सकाळी खुर्च्या मांडून बसतात. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. फक्त माणूस नसतो."

ताईला बरं वाटलं का? थोडंसं वाटलं. तिने ते मनातल्या मनात कित्येकदा रंगवलं होतं: एक दिवस भाऊ येईल, दारात उभा राहील, "बसू का?" म्हणून विचारेल, आणि आपण जरा वेळ लावून उत्तर देऊ. सावकाश, सुईत दोरा ओवून झाल्यावर.

तो आला खरा, पुढच्या वर्षी, थंडीत. रविवारच होता. आत जजसाहेब, केमिस्ट आणि आणखी काही जण होते. सगळ्यांची चोरी पकडल्यासारखी तोंडं झाली. भाऊ दारातच थांबला.

"इथे माझा काही हक्क नाही," तो म्हणाला. "पण एक राहिलंय. त्या दिवशी मी नियम मोडला. तुझं म्हणणं तुला पटेल असं मांडल्याशिवायच मी बोललो. तू 'चालेल' म्हणालीस, 'हो' म्हणाली नव्हतीस. मांडू का आता?"

ताईने सुई खाली ठेवली. "मांड."

"तुझं म्हणणं असं. खांब माझा. दोरही ज्याचा त्याचाच. न टाकणं वेगळं, आणि कुणी धरून अर्ध्यावर आल्यावर सोडणं वेगळं. माझ्या वस्तूवर माझ्या डोळ्यांदेखत, मी हो म्हणत असताना, कुणी आपलं आयुष्य उभं केलं, तर ती वस्तू माझीच राहते, पण मी तिचा एकट्याने मालक राहत नाही. आणि कोण कुणावर उभं आहे, हे बांधणाऱ्यालाच माहीत असतं. राहणाऱ्याला ते काढून बघितल्याशिवाय कळत नाही. मला वाटायचं, वरचा मजला खालच्यावर उभा असतो." त्याने दाबाखालच्या पुस्तकाकडे बोट केलं. "माझी खोली तुझ्या ओल्या पुठ्ठ्यांवर उभी होती."

ताईने पदर-बिदर काही डोळ्याला लावला नाही. तिच्या हाताला खळ होती.

"हो," ती म्हणाली. "हेच. मला इतकं नीट कधी सांगता आलं नाही."

"मला ते पटलेलं नाही, हं," भाऊ घाईघाईने म्हणाला. "नुसतं मांडता आलं. पटवायचं तर हा हक्क कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, ते सांगावं लागेल. निसर्ग ते सांगत नाही. एवढ्यापर्यंत आलोय मी."

"पटायची काय घाई आहे?"

"मग... मी बसलो तर चालेल?"

इतके दिवस रंगवलेला क्षण समोर उभा होता आणि ताईला त्यात काडीची गंमत वाटेना. "गाढवा," ती म्हणाली, "त्यात विचारायचं काय? बस. आणि कोपर खळीत घालू नकोस."

जजसाहेबांनी सरकून जागा केली. यंत्र परत वर न्यायचं का, असं भाऊने नंतर एकदा विचारलं. खांब पुन्हा घालायची त्याची तयारी होती. ताई नको म्हणाली. खांबाच्या फळ्या झाल्या होत्या आणि त्या चांगल्या चालत होत्या.

मंडळ पुढे बरीच वर्षं त्या मागच्या खोलीत भरलं. जजसाहेब एका पावसाळ्यात गेले. त्यांचे खंड ताईने त्यांच्या माघारी पुरे केले. केमिस्टने म्हातारपणी दुकान विकलं आणि तो लेकीकडे राहायला गेला. विकताना त्याने अट घातली की मागच्या खोलीतल्या बाईंना कुणी उठवायचं नाही. नव्या मालकाने ती पाळली. सुताराचा धंदा वाढला, पण जुन्या घरांत खांब काढायची कामं तो घेईनासा झाला. वहिनीने ताईच्या रिकाम्या वरच्या खोलीत शिवणकाम सुरू केलं, अर्थात विचारून. तिथली जमीन मधोमध किंचित दबली आहे, आणि खाली पडलेलं बटण घरंगळत नेमकं यंत्राच्या जागी जाऊन थांबतं.

भाऊने निवृत्तीनंतर आपलं पुस्तक लिहिलं. माणूस स्वतःचा मालक आहे, इथून ते सुरू होतं आणि कुठेही वाकत नाही. शेवटचं प्रकरण आधाराबद्दल आहे, लहानसं. त्यात त्याने दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि पुढे लिहिलंय की इथपर्यंत निसर्गनियम घेऊन येता आलं, यापुढे माणसांनी आपापसांत ठरवावं. पुस्तक फारसं खपलं नाही. त्याची स्वतःची प्रत ताईने बांधली, त्या फळ्यांमध्ये दाबून. तेव्हा तिचे हात थरथरायला लागले होते, म्हणून चाक भाऊने आवळलं. दुसऱ्या दिवसापर्यंत दोघांनीही ते सैल केलं नाही.

ताई भाऊच्या आधी गेली. यंत्र तिने त्याच्या नावे केलं होतं. ते अजून त्या मागच्या खोलीत आहे, फरशीवर, भक्कम.